हट्टापेक्षा मला त्याच्या ‘हो’ची काळजी वाटते

बाई, नमस्कार.

आम्ही विट्याचे. माझा मुलगा १४ वर्षांचा आहे, साध्या मराठी शाळेत आठवीत. त्याला सौम्य बौद्धिक अक्षमता आहे, प्रमाणपत्रावर ५० टक्के लिहिलंय. धाकटी बहीण पाचवीत आहे, तिच्यामुळे घरात सगळेच त्याला दादा म्हणतात. मिस्टर गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यात कोईमतूरला असतात, दिवाळीला आणि जत्रेला येतात. घरी मी, सासूबाई आणि दोन मुलं.

दादा शाळेत कुणाला त्रास देत नाही. सांगितलं ते करतो. पण गेल्या महिन्यात काही मुलांनी त्याला पढवलं आणि तो भर वर्गात एका मुलीला घाणेरडं बोलला. हेडसरांनी मला बोलावून घेतलं. सर ओरडत होते आणि हा हसत होता. मुद्दाम बोललास का, विचारलं तर हो म्हणाला. कळत होतं का, हो. पुन्हा करशील का, त्यालाही हो! सर म्हणाले, अशी मुलं वयात आली की हेच करतात, विशेष शाळेत घाला. त्याच पोरांना तो रोज वडापाव खाऊ घालतो हेही त्याच दिवशी कळलं. पैसे सासूबाईंच्या बटव्यातले.

घरी मात्र भयंकर हट्ट. आंघोळीवरून, कपड्यांवरून रोज रडारड. नवीन काही सांगितलं की हात लावायच्या आधीच ‘मला येत नाही’. आणि येईल त्याच्या गळ्यात पडतो. सासूबाई म्हणतात, स्वभावच तसा आहे, लग्न केलं की सुधारेल. डॉक्टर म्हणाले, मनाने तो आठ वर्षांचा आहे. बाई, हा स्वभाव की आजार? हट्ट कसा मोडू? शाळा बदलू का?

– एक आई, विटा

ताई,

तुम्ही हट्टाबद्दल विचारलंय, पण पत्र वाचताना मी अडखळले ती ‘सांगितलं ते करतो’ या ओळीपाशी. तुम्ही ती कौतुकाने लिहिली आहे. मला तिच्यात शाळेतल्या प्रकरणाचं मूळ दिसतं. सरांनी सांगितलं ते दादा करतो आणि मागच्या बाकावरच्या पोरांनी सांगितलं तेही करतो. कुणाचं ऐकायचं आणि कुणाचं नाही, हे त्याला आजवर कुणी शिकवलेलंच नाही. ऐकलं की शाबासकी, एवढंच शिकवलंय.

हेडसरांच्या खोलीत त्याने लागोपाठ तीन वेळा ‘हो’ म्हटलं. आज घरी एक करून बघा. काल तुम्ही कुठे गेला नसाल तर सहज विचारा, ‘काल आपण कराडला गेलो होतो का रे?’ मग दहा मिनिटं दुसरं काही बोला आणि विचारा, ‘काल दिवसभर घरीच होतो का आपण?’ दोन्हींना हो आलं, तर सरांपुढची त्याची कबुली किती खरी, ते तुमचं तुम्हालाच कळेल. बौद्धिक अक्षमता असलेल्या बऱ्याच मुलांना ही सवय असते. प्रश्न नीट उमगला नाही किंवा समोरचा माणूस चिडलेला दिसला, की हो म्हणून मोकळं व्हायचं. हो म्हटलं की बहुतेक वेळा प्रश्न थांबतात, हे ती अनुभवातून शिकलेली असतात. हसणंही त्यातलंच. ओरडणाऱ्या माणसापुढे हसून बघणं हा त्याचा बचाव आहे. सरांना तो निगरगट्टपणा वाटला. त्यांनाही मी फार दोष देत नाही, त्यांना हे कुणी सांगितलं नसणार.

तेव्हा त्याला हो-नाहीचे प्रश्न विचारणं बंद करा. ‘काय झालं ते पहिल्यापासून सांग’ म्हणा आणि गप्प बसा. तो लगेच बोलणार नाही, तरी मध्ये शब्द पुरवू नका. ‘हा होता की तो होता?’ असं विचारलंत, तर अशी मुलं पुष्कळदा शेवटचं नाव उचलतात. म्हणून थोड्या वेळाने नावं उलटी करून परत विचारा. सगळ्यात बरं म्हणजे फरशीवर खडूने वर्ग काढा, बाक काढा आणि त्याला खडे ठेवायला सांगा: तू कुठे होतास, ती मुलगी कुठे होती, तुला सांगायला कोण आलं. बोलता न येणारं पुष्कळ काही मुलं खड्यांनी सांगतात.

आता स्वभावाचं. बौद्धिक अक्षमता हा आजार नाही, आणि ‘अशा मुलांचा स्वभाव’ म्हणून कुठला वेगळा स्वभावही नसतो. मी विशेष शाळेत इतकी वर्षं काढली. एका वर्गात दहा मुलं असली की त्यात एक चहाडखोर, एक लाजाळू, एक पुढारी, एक दुसऱ्याच्या डब्यावर डोळा ठेवणारा. तुमच्या-आमच्या वर्गात होते तसेच. पण काही गोष्टी यांच्यात जास्त वेळा दिसतात हे खरं, आणि त्यांचं कारण शोधताना भले भले चुकले आहेत. १९३०-४०च्या दशकांत मानसशास्त्रातली बडी माणसंही तुमच्या सासूबाईंच्याच मताची होती: बुद्धी कमी म्हणजे मन ताठर, म्हणून ही मुलं एकच गोष्ट धरून बसतात.

पुढे अमेरिकेत येल विद्यापीठातल्या एडवर्ड झिगलर यांनी या मताला हात घातला. त्यांच्या प्रयोगातला खेळ अगदी कंटाळवाणा होता, एका पेटीच्या भोकात गोट्या टाकत राहायचं. संस्थेत वाढलेली ही मुलं तो खेळ इतर मुलांपेक्षा जास्त वेळ खेळत. झाला की ताठरपणा सिद्ध! झिगलर यांनी मुलांचं आधीचं आयुष्य तपासलं, तेव्हा दिसलं की ज्यांच्या वाट्याला माया कमी आली होती, ती जास्त वेळ खेळत होती. शेजारी बसून ‘छान’ म्हणणारं ते मोठं माणूस त्यांना सोडवत नव्हतं. गोट्यांशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं.

ताई, वडापावकडे असं बघा. दादाला घरी माया कमी आहे असं मी म्हणत नाही, तुमच्या पत्रात ती ओसंडून वाहते आहे. पण वर्गात? मधल्या सुट्टीत त्याच्या शेजारी बसून डबा कोण खातं? याबद्दल पत्रात एक अक्षर नाही. वीस-पंचवीस रुपयांत चार पोरं जवळ येऊन उभी राहतात, ‘आपला भाऊ’ म्हणतात, खांद्यावर हात टाकतात. त्याच्या बाजूने हा सौदा तोट्याचा नाही.

झिगलर यांनी आणखी एक गोष्ट मांडली आणि मला ती रोज कामी आली. ज्या मुलाचं उत्तर वारंवार चुकत आलंय, ते स्वतःच्या डोक्यावर विसंबणं सोडून देतं. नवीन काही समोर आलं की आधी आजूबाजूला बघायचं: बाकीचे काय करतात, बाईंचा चेहरा काय म्हणतो. यात वेडेपणा काही नाही. परक्याच्या घरी पूजेला बसलो आणि आचमन कधी करायचं ते आठवेना, तर आपणही शेजारच्याच्या हाताकडे बघतोच की. फरक एवढाच, आपण वर्षातून एकदा बघतो आणि दादा दिवसभर बघतो. सगळे हसले की हसतो, सगळे उठले की उठतो, आणि कुणी कानात काही सांगितलं की तेच मोठ्याने बोलतो. ‘मला येत नाही’ हे दुसरं टोक. दहा वर्षं सगळ्यांसमोर चुकल्यावर, हात लावण्याआधीच माघार घेतली की निदान चूक तरी दिसत नाही.

यात मोठ्यांचा हातभार कसा लागतो ते माझ्याच चुकीवरून सांगते. आमच्या कार्यशाळेत एक तरुण कागदी फायली करायचा. काम नेटकं. पण प्रत्येक फाइल झाली की उठून माझ्याकडे यायचा, ‘बरोबर आहे का बाई?’ मी म्हणायची, ‘छान!’ दिवसातून चाळीस वेळा म्हणत असेन. मला वाटायचं, मी त्याचा आत्मविश्वास वाढवते आहे. मी आठवडाभर आजारी पडले, तर त्याने आठवडाभरात एकही फाइल पुरी केली नाही. विचारायला कोणी नव्हतं ना! परत आल्यावर मी एक नमुना फाइल त्याच्या डोळ्यांसमोर खिळ्याला टांगली आणि सांगितलं, आता मला विचारायचं नाही, हिला विचारायचं. शेजारी धरून बघ, कडा जुळल्या तर बरोबर. पहिले चार दिवस तो रडकुंडीला आला होता. मीही. पण महिन्याभरात त्याचं उठणं जवळजवळ थांबलं, आणि एक दिवस तो मला म्हणाला, ‘बाई, तुमची फाइल वाकडी आहे.’

दादाला अशा खिळ्याला टांगलेल्या फायली हव्या आहेत. कपाटाच्या दाराला आतून शाळेच्या पूर्ण पोशाखातला त्याचाच फोटो लावा, म्हणजे नीट झालं का हे तो आरशात बघून ताडेल, तुमच्या तोंडाकडे बघणार नाही. आणि घरातलं एक काम पूर्ण त्याचं करा. लुटुपुटूचं नको. तो विसरला तर घराचं अडेल असं काम. नळाला पाणी आलं की मोटर लावायची, टाकी भरली की बंद करायची. चार दिवस टाकी वाहील, एखाद्या दिवशी रिकामी राहील आणि सासूबाई बोलतील. बोलू द्या. त्या दिवशी गुपचूप जाऊन तुम्ही मोटर लावलीत, तर ‘मला येत नाही’ तुम्हीच पक्कं केलंत. कौतुक कराल तेव्हा कशाचं ते सांगा: ‘टाकी भरायच्या आत बंद केलीस, पाणी वाया गेलं नाही.’ नुसतं ‘शाब्बास माझ्या वाघा’ म्हटलं की तो पुन्हा गोट्या टाकायला बसणार.

हट्टाकडे यायला उशीर झाला, पण तो मुद्दाम केलाय. दिवसभर दुसऱ्यांच्या तालावर चालणारा मुलगा संध्याकाळी घरी येतो. घर ही एकच जागा आहे जिथे ‘नाही’ म्हटलं तर कुणी सोडून जाणार नाही. तिथे तो म्हणतो. मला तर ते बरं लक्षण वाटतं. हा हट्ट मोडलात, तर त्याच्याजवळचा शेवटचा नकारही जाईल, आणि मग मागच्या बाकावरची पोरं आहेतच.

मोडू नका म्हणजे आंघोळ माफ करा असं नव्हे. कॅलेंडरच्या चौकटीत दहा दिवस लिहा: रडारड किती वाजता झाली, आधी काय चाललं होतं, शेवट कसा झाला. माझा अंदाज, दोन गोष्टी सापडतील. एक, मोबाइल किंवा टीव्ही अचानक बंद केल्यावर भडका उडत असेल. दुसरी, आजीने शर्टाची बटणं लावायला हात पुढे केल्यावर. चौदा वर्षांच्या मुलाची बटणं आजीने लावायची नसतात, आणि हे त्याला कळतं, सांगता येत नाही एवढंच. पाच मिनिटं आधी सूचना द्या, ‘गाणं संपलं की आंघोळ’. आणि ज्यात नाही म्हणायला जागा आहे तिथे खरंच नाही म्हणू द्या. कोणता शर्ट, आंघोळ आधी की चहा आधी, वांग्याची भाजी नको असेल तर नको. दिवसातून दोन तरी नकार त्याचे मानले गेले पाहिजेत. घरात ज्याचा नकार चालतो, त्यालाच तो बाहेर वापरायचं सुचतं.

एक सावधगिरी. हट्ट किंवा रडणं जर गेल्या दोन-तीन महिन्यांतच वाढलं असेल, झोप उडाली असेल, जेवण कमी झालं असेल, तर ‘त्याच्यात तसंच असतं’ म्हणून सोडू नका. दात, कान, डोळे, थायरॉइड तपासून घ्या. या मुलांना चिंता आणि नैराश्य इतरांपेक्षा जास्त वेळा गाठतं, आणि ते तोंडाने सांगता येत नाही म्हणून चिडचिडीतून बाहेर पडतं. तसं वाटलं तर मनोविकारतज्ज्ञांना दाखवा. आणि शाळेत त्याला कोणी मारतं का, हात लावतं का, तेही खड्यांनीच विचारून बघा.

‘मनाने आठ वर्षांचा’ हे वाक्य कृपा करून घरातून काढून टाका. डॉक्टरांनी सोपं करून सांगितलं, पण त्याने गैरसमजच जास्त होतात. आठ वर्षांच्या मुलाला मिसरूड फुटत नाही. दादाचं शरीर १४ वर्षांचं आहे, मुलींकडे बघावंसं वाटणं १४ वर्षांचं आहे आणि अपमान झाला की तोही १४ वर्षांच्या मुलासारखाच झोंबतो. ते ५० टक्केही तसेच. त्याचा अर्थ अर्धी बुद्धी असा नाही, सौम्य गटातल्या सगळ्यांना सरकारी कोष्टकाप्रमाणे तोच आकडा मिळतो. तो आकडा ठरवताना तुम्हाला बरेच प्रश्न विचारले असतील: स्वतः जेवतो का, गावात एकटा फिरतो का, दुकानातून वस्तू आणतो का. ही सामाजिक परिपक्वतेची चाचणी. मूळ अमेरिकेतल्या व्हाइनलँडची, १९३५ची, आणि आपल्याकडच्या मुलांसाठी ती नागपूरच्या डॉ. मालिन यांनी बेतली. मी ती निकालपत्र म्हणून न वाचता कामांची यादी म्हणून वाचते. जे येत नाही असं तुम्ही त्या दिवशी सांगितलंत, त्यातलं एक उचला. या वर्षी तेवढंच.

गळ्यात पडण्याचं एक सांगते आणि जरा स्पष्ट सांगते. सहा वर्षांचा असताना ‘काकूला मिठी मार’ म्हणून यानेच टाळ्या घेतल्या असतील. आता तीच मिठी लोकांना भीतीची वाटते आणि त्याला कळत नाही, नियम कधी बदलला. नियम सगळ्यांनी मिळून एकच ठेवा: मिठी घरातल्या चौघांना, बाकी सगळ्यांना नमस्कार. मामा आले, आत्या आली तरी नमस्कार. अपवाद केलात की शिकवण फुकट गेली. आंघोळ दार लावून, एकट्याने. स्वतःच्या शरीराला हात लावावासा वाटणं या वयात साहजिक आहे. त्यावर ओरडू नका, ते दार बंद असलेल्या खोलीतच करायचं एवढं सांगा. अवयवांची नावं सरळ शिकवा. लोकांना तो दुसऱ्यांसाठी धोका वाटतो, मला तोच धोक्यात दिसतो. सांगेल ते करणारा, हो म्हणणारा, गोष्ट नीट सांगता न येणारा मुलगा: वाईट माणसाला आणखी काय हवं असतं?

पैसे द्यायचे बंद करू नका, सगळे नेमकं तेच करतात. बटवा मात्र कडीकुलपात. दादाच्या खिशात रोज दहाची एकच नोट, स्वतःच्या खाऊसाठी. रात्री पाच मिनिटं नाटक करा. धाकटी मागच्या बाकावरचा मुलगा होईल, ‘ए भाऊ, वडापाव दे की!’ दादाने म्हणायचं, ‘आज नाही.’ एवढे दोनच शब्द. कारण सांगायला गेला की अडकेल. पोरीला हे नाटक आवडेल, पण तिला शाळेत भावाची राखणदार करू नका. तिचंही पाचवीचं वर्ष आहे.

शाळा बदलू का? दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ प्रमाणे ६ ते १८ वर्षांच्या, ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क आहे, आणि निवड मुलाची आहे. हेडसरांनी ‘घाला’ म्हटलं म्हणून घालायचं नसतं. पण केवळ हट्टाने साध्या शाळेत ठेवायचं, हेही मला पटत नाही. शेवटच्या बाकावर गप्प बसवून ठेवणं याला समावेशित शिक्षण म्हणत असतील, तर ते न मिळालेलं बरं. विशेष शाळा म्हणजे हार असं तर मुळीच नाही. मुंबईची जय वकील १९४४ पासून आणि पुण्याची कामायनी १९६४ पासून हे काम करत आहेत, आणि तिथे मुलांना कामधंद्याचं जे शिक्षण मिळतं ते आठवीच्या बीजगणितात नाही. तुमच्यासाठी मात्र विशेष शाळा म्हणजे बहुधा वसतिगृह. ‘आज नाही’ म्हणायला अजून न शिकलेल्या मुलाला मी आत्ता घराबाहेर राहायला पाठवणार नाही.

सोमवारी सरांना भेटा. त्या मुलीची आणि तिच्या घरच्यांची दादाने माफी मागायची, तुम्ही सोबत राहायचं. तिला त्रास झाला तो खराच आहे, दादा पढवला गेला म्हणून तो कमी होत नाही. मग सरांना तीन गोष्टी मागा: पढवणाऱ्या मुलांशीही बोला, तालुक्याच्या गटसाधन केंद्रातून विशेष शिक्षकांना बोलवा, आणि दादाला शाळेत एक काम द्या. घंटा द्या त्याच्याकडे. मधल्या सुट्टीची घंटा ज्याच्या हातात असते, त्याला मित्रांसाठी वडापाव घ्यावे लागत नाहीत.

लग्नाबद्दल सासूबाईंना एवढंच विचारा: सुधारण्याचं काम कोणाच्या मुलीने करायचं? पुढे दादाला खरंच कुणी आवडलं आणि तिलाही तो आवडला, तर तो वेगळा विषय. आज तो १४ वर्षांचा आहे. कागदांचं म्हणाल तर ‘निरामय’ या सरकारी आरोग्य विम्यात त्याचं नाव घाला, वर्षाला एक लाखापर्यंत उपचारांचा खर्च मिळतो. १८ पूर्ण झाल्यावर आई-वडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. गरज वाटलीच तर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे अर्ज करावा लागतो. अजून चार वर्षं आहेत.

मिस्टरांना सांगा, दिवाळीला येताना त्याच्यासाठी फटाके आणू नका, दाढीचं सामान आणा, आणि ती कशी करायची हे आरशासमोर शेजारी उभं राहून दाखवा. हे काम तुमचं नाही, त्यांचं आहे.

महिन्याभराने मला परत लिहा. लिहिताना शेवटच्या दोन ओळी दादाला सांगायला लावा, तो म्हणेल तशाच उतरवा. ‘मला काही सांगायचं नाही’ म्हणाला, तर तेच लिहून पाठवा.

– तुमची बाई